मुनी कोणाला म्हणायचं?

राजस्थानात बैराटजवळ १८४० साली अशोकाचा एक शिलालेख सापडला. आज तो कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. मगधाचा हा राजा त्यात भिक्षुसंघाला अभिवादन करतो आणि बुद्धवचनांतल्या सात उपदेशांची नावं सांगतो. भिक्षू-भिक्षुणींनी ही वचनं वारंवार ऐकावीत, मनात घोळवावीत; उपासक-उपासिकांनीही तेच करावं, ही त्याची इच्छा. सातांपैकी दोन नावं मुनीविषयीची : 'मुनिगाथा' आणि 'मोनेयसूते'.

गोव्यातल्या साखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी या दोन्हींचा माग सुत्तनिपातात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या (सुत्तांच्या) एका पाली संग्रहात, काढला. मुनिगाथा म्हणजे मुनिसुत्त आणि मोनेयसूते म्हणजे नालकसुत्त. दुसऱ्या नावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण नालकसुत्त वाचताना कोसंबींचं म्हणणं मनाला पटत जातं.

मुनी बुद्धाच्याही आधीचे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात लांब केसांचे, मळकट पिवळी वस्त्रं ल्यालेले, वाऱ्याच्या वाटेने संचार करणारे मुनी भेटतात. त्यांचा प्रभाव अद्भुत आहे. नालकसुत्तातला मुनी रानात राहतो खरा, पण सकाळी भिक्षेसाठी गावात येतो. त्याचा कस तिथे लागतो.

नालक हा असित ऋषींचा भाचा. नुकत्याच जन्मलेल्या सिद्धार्थाला पाहून असितांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण त्याचा उपदेश ऐकायला ते स्वतः हयात नसणार होते. त्यांच्या सांगण्यावरून नालक वाट पाहत राहिला. पुढे बुद्धांना भेटून त्याने विचारलं, मुनीचं जीवन कसं असतं?

उत्तर अगदी रोजच्या जगण्यातलं आहे. गावात कोणी शिवी देईल, कोणी पाया पडेल. मन सारखंच ठेवावं. घरांमध्ये घाईने शिरू नये. आडून सुचवून अन्न मिळवू नये. मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी बरं, असं म्हणून झाडाखाली परतावं. हातात पात्र घेऊन फिरताना मुका नसूनही मुक्यासारखं असावं. वाढलेलं थोडं असलं तरी त्याला नाव ठेवू नये आणि देणाऱ्याला कमी लेखू नये. भिक्षेकऱ्याच्या मनातही अहंकार दबा धरून बसतो, हे इतक्या बारकाईने हेरलेलं पाहून मी दर वेळी थांबतो. याच सुत्तात हेही येतं : जसा मी तसे हे, जसे हे तसा मी, म्हणून कोणाला मारू नये, मारवू नये.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आपण म्हणतो. नालकाला बुद्ध हेच सांगतात : लहान ओहोळ गाजत वाहतात, मोठं पाणी शांत असतं. पण नुसतं तोंड मिटून भागत नाही. धम्मपद बजावतं, की अज्ञानी माणूस मौन धरल्याने मुनी होत नाही. तराजू हाती धरल्याप्रमाणे पारखून जो चांगलं घेतो आणि पाप टाळतो, तो मुनी.

लुंबिनीच्या स्तंभावर अशोकाने कोरवलं आहे, 'हिद बुधे जाते सक्यमुनी ति' : इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. परंपरेनुसार हे शाक्यमुनी ४५ वर्षं लोकांशी बोलत राहिले. मग ते मुनी कसे? नालकसुत्ताच्या अखेरच्या गाथांत याचा उलगडा आहे. श्रमण, म्हणजे घरदार सोडलेला साधक, पुष्कळ बोलतो ते अर्थपूर्ण आणि जाणून बोलतो. आणि जाणत असूनही जो स्वतःला आवरून फार बोलत नाही, तो मुनी मौनाला पात्र ठरतो.