गोठ्यात शिरताना आबा का खाकरतात

पहाटेचे साडेपाच वाजलेत. माणदेशातली एक वस्ती, म्हसवडपासून फार लांब नाही. अजून नीट दिसत पण नाहीये, पण आवाज ऐका.

हे जे आत्ता खाकरले ना, ते आमचे आबा. लहानपणी मला वाटायचं तंबाखूनं होत असेल. पण आबा घरात कधी असं खाकरत नाहीत, फक्त गोठ्याच्या दारात, आणि मग "हो राजा, हो" असं काहीतरी पुटपुटत आत शिरतात. आत खिल्लारची जोडी आहे आणि एक जर्सी गाय, पंधरा दिवसांपूर्वीच व्यालीय.

गाईबैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ 330 अंशातलं दिसतं, म्हणजे आपल्या दुपटीच्या आसपास. पण बरोबर शेपटीमागचा पट्टा त्यांना दिसतच नाही. आणि आपण शेण काढायला, झाडायला, बादली घेऊन जायला नेमके तिथूनच जातो. मागून गपचूप काहीतरी आलं की जनावर विचार करत बसत नाही, आधी लाथ येते. आबांना हे अंश-बिंश काही माहीत नाही, ते म्हणतात, "त्याला कळू दे की कोण आलंय, चोरावानी कशाला जायचं."

आता हात बघा त्यांचा. बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवलाय आणि मागून पलीकडे जाईपर्यंत उचललेला नाही, अगदी अंगाला चिकटून चाललेत. एवढं जवळ असलं की लाथेला जोर मिळत नाही, ढकलल्यासारखं होतं. नाहीतर मग चांगलं लांबून जायचं. वाईट असतं ते मधलं अंतर, आणि आपण सगळे तिथंच उभे असतो. शिवाय गाय घोड्यासारखी सरळ मागं मारत नाही, पाय आधी पुढं येतो आणि मग बाजूला गोल फिरतो, म्हणून मांडीच्या बाजूला उभं राहिलो म्हणजे वाचलो असं काही नाही.

लोकांना भीती बैलाची वाटते. आमच्या घरात मात्र सगळ्यात मोठा मार गाईचा बसलाय. चुलतभावानं ताज्या व्यालेल्या गाईचं वासरू उचललं, चांगल्या हेतूनंच, पाऊस होता म्हणून शेडमध्ये न्यायला, आणि गाय मोकळी होती. रोज धार काढायचा तिची तो, त्याला वाटलं आपलीच आहे. दोन बरगड्या गेल्या. व्यालेली गाय पहिले काही दिवस वेगळीच असते, वासराला हात लावायचा तर आधी ती बांधलेली पाहिजे, किंवा मध्ये गव्हाण नाहीतर गेट तरी पाहिजे. आणि कुत्रं सोबत न्यायचं नाही, कुत्रं बघितलं की तिचं डोकं फिरतं आणि कुत्रं पळून येतं आपल्याच पायात.

बैल मारणार असेल तर बहुतेक वेळा आधी सांगतो, आपलं लक्ष नसतं एवढंच. आडवा उभा राहून अंग मोठं करून दाखवतो, मान खाली, फुरफुर करतो, खुरानं माती उकरतो, डुरकतो. तेव्हा काठी उगारायची नाही आणि पाठ फिरवून पळायचं पण नाही, पळण्यात तो आपल्याला हरवणारच. तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागं सरायचं आणि मध्ये झाड, बैलगाडी, जे मिळेल ते घ्यायचं. आबा मोकळ्या जनावरात जायच्या आधी एकदा आजूबाजूला बघतात, मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, "कुठनं निघायचं ते."

बडवलेला, म्हणजे खच्ची केलेला बैल आणि आंडील, म्हणजे खच्ची न केलेला वळू यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, वळवाच्या जवळ एकट्यानं जायचंच नाही, कितीही गरीब वाटला तरी. आणि ते रील बनवणाऱ्यांना एक सांगायचंय. गोऱ्ह्याच्या कपाळाला कपाळ लावून ढकलाढकली खेळतात ना पोरं, दिसायला लय गोड दिसतं. पण बाटलीवर, एकटा, माणसातच वाढलेला गोऱ्हा माणसालाच आपल्यातला समजतो, आणि मोठा, शेकडो किलोचा झाल्यावर तोच खेळ खेळायला येतो.

आता कासरा, म्हणजे बैलाला धरायची दोरी. हा शॉट मी मुद्दाम जवळून घेतलाय. बघा, आबांनी कासरा मुठीत नुसता धरलाय, हाताला गुंडाळलेला नाही. आमच्या भागात बोटं गेलेली माणसं दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट एकच, बैल बुजला आणि कासऱ्याचा फास आवळला. बुजायला काहीही पुरतं, रस्त्यावरची सावली, उडणारी प्लॅस्टिकची पिशवी, ट्रॅक्टरचा हॉर्न. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला तर डीजे, फटाके आणि शंभर मोबाईल. शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल फोटोत झकास दिसतो, पण तो आबांना ओळखतो, गर्दीला ओळखत नाही. म्हणून आमच्याकडे मिरवणुकीत बैलाच्या पुढं लहान पोरं चालू देत नाहीत, यावरून दरवर्षी भांडणं होतात, होऊ देत.

एक वेगळी गोष्ट पण सांगून ठेवतो, कारण ती शिंगाची नाही. जनावर खात नाही, लाळ गळतीय, गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदललाय, तर घशात काहीतरी अडकलंय म्हणून लगेच आत हात घालू नका. रेबीज असू शकतो. 1962 या जनावरांच्या हेल्पलाईनला फोन करून डॉक्टरला बोलवा, आणि हात घालून झालाच असेल तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा.

मार बसलाच, छातीला किंवा पोटाला, तर माणूस उठून बसला, बोलतोय, चहा प्यायला, म्हणून सोडून देऊ नका, आतून रक्त जात असू शकतं. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात ते तर अजिबात नको, आडवं ठेवा, 108 ला फोन करा. शिंगाच्या जखमेत हळद भरत बसू नका, स्वच्छ कापड दाबून धरा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टरला विचारा.

संध्याकाळ झालीय. धारेची वेळ. मी कॅमेऱ्याची लाईट लावली तशी गाईनं कान मागं टाकले, पाय हलवला. आबा बादली ठेवून म्हणाले, "बंद कर ती, बघ की कशी करतीय."

म्हणून पुढचं दिसणार नाही. फक्त धारेचा आवाज ऐका.