कोर्टाचा कागद दारात आला तर

श्रोतेहो, नमस्कार. तालुक्याच्या कोर्टात मी २२ वर्षं वकिली करते आहे. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर माझं नाव आहे, त्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशांची कामं माझ्याकडे येतात. जुन्या कर्जाचे दावे त्यात बरेच असतात. फ्रिज, टीव्ही, दुचाकी, मोबाईल असं काहीतरी हप्त्यावर घेतलेलं असतं. मग घरात आजारपण येतं किंवा काम सुटतं, आणि हप्ते थांबतात. वर्षं जातात. घरातला माणूस ते विसरतो किंवा विसरायचा प्रयत्न करतो. आणि एके दिवशी बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, दारात उभा राहतो.

त्या क्षणी आपल्याकडे घरोघरी काय होतं ते मला ठाऊक आहे. "घरी नाहीत म्हणून सांग." कागद घ्यायचा नाही, सही करायची नाही, म्हणजे तो आलाच नाही असं समजायचं. मंडळी, असं होत नाही. तुम्ही समन्स घ्यायला नकार दिलात तर बेलिफ त्याची प्रत दाराला चिकटवतो, तसा अहवाल देतो, आणि ते तुम्हाला मिळालं असं कोर्ट धरू शकतं. तारखेला प्रतिवादी हजर नसतो. मग काम एकतर्फी चालतं. समोरून जो आकडा सांगितला जातो तो तपासायला कोणी नसतं, आणि हुकूमनामा, म्हणजे तेवढे पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूम, होतो. मी जे दावे हरलेले पाहिले, त्यातले कितीतरी केवळ कोणी आलंच नाही म्हणून हरले. उभं राहिलं असतं तर निकाल वेगळा लागला असता.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. समन्स त्यांनी देवघरातल्या तसबिरीमागे ठेवलं होतं. ते हाती पडून २६ दिवस झाले होते. आपली लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं, पण त्या भरवशावर राहू नये. आणि समन्सवर 'समरी सूट' किंवा 'ऑर्डर ३७', म्हणजे झटपट चालणारा दावा, असं लिहिलेलं असेल तर आणखी घाई करावी लागते, कारण तिथे १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही तर दाव्यातलं सगळं कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. म्हणून पाकीट फोडल्यावर आधी हे दोन शब्द आहेत का ते बघा.

ताईंचा दावा समरी नव्हता, साधा होता, १,१२,००० रुपयांचा. मूळ कर्ज ३८,००० चं, २०१५ सालचं, १२ हप्त्यांत फेडायचं. दावा लावणाऱ्या कंपनीचं नाव त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं, कारण मधल्या काळात ते कर्ज एका कंपनीनं दुसरीला विकलं होतं. कर्ज विकता येतं. पण विकत घेणाऱ्यानं ते आपल्याकडे कसं आलं याचा करारनामा कोर्टात दाखवायला हवा. आणि कर्जाचा मालक बदलला म्हणून दावा लावायची मुदत नव्यानं सुरू होत नाही.

मुदतीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो की अशा पैशाच्या वसुलीचा दावा ३ वर्षांच्या आत लावायला हवा. ताईंचा हप्ता सप्टेंबर २०१५ ला चुकला. एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम देणं लागते, असं त्यांच्या करारात होतं. म्हणजे मुदत सप्टेंबर २०१८ ला संपली. बरं, हे कलम बाजूला ठेवून प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजली, तरी शेवटचा हप्ता जानेवारी २०१६ चा होता, म्हणजे जानेवारी २०१९. दावा लागला २०२१ मध्ये.

इथे कंपनीनं कोविडचा मुद्दा काढला. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, ते खरं आहे. ज्यांचा हप्ता २०१८ किंवा २०१९ मध्ये चुकला त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. समजा तुमचा हप्ता १५ जून २०१९ ला चुकला. मार्च २०२० पर्यंत ९ महिने गेले, उरलेले २७ महिने १ मार्च २०२२ पासून मोजायचे, म्हणजे मुदत जाते मे २०२४ च्या अखेरीपर्यंत. अशा माणसानं "३ वर्षं झाली, आता काही होत नाही" असं म्हणून स्वस्थ बसणं धोक्याचं होतं. पण ताईंची मुदत कोविडच्या आधीच संपली होती, आणि संपलेली मुदत त्या आदेशानं परत मिळत नव्हती.

मग कंपनीच्या वकिलांनी एक पावती पुढे केली आणि माझ्या पोटात गोळा आला. मे २०१९ मध्ये वसुलीचा एक माणूस ताईंच्या दारात आला होता. "५०० रुपये द्या, म्हणजे साहेबांना सांगतो की बाई देतायत." ताईंनी दिले आणि सही केली. मला हे त्यांनी सांगितलंच नव्हतं, त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

श्रोतेहो, हे ५०० रुपये नीट समजून घ्या. मुदत चालू असताना काही रक्कम भरून तसं सहीनिशी लिहून दिलं, किंवा "मी इतकं देणं लागतो" असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून पुन्हा नवी ३ वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावर नुसते पैसे दिले तर तसं होत नाही. पण मुदत संपल्यावरसुद्धा "मी ही बाकी देईन" असं स्पष्ट वचन लिहून सही केली, तर करार कायद्याच्या २५ व्या कलमानं तो नवा करारच ठरतो, आणि त्यावर दावा चालतो. ताईंच्या पावतीवर फक्त रक्कम मिळाल्याची नोंद होती, वचन नव्हतं. आणि तारीख मे २०१९ ची होती. हेच पैसे त्यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये दिले असते तर मी त्यांना वाचवू शकले नसते. म्हणून दारात येणाऱ्या माणसाला सही देऊ नका. त्याला सांगा, खातेउतारा आणि कराराची प्रत आणा, मग बोलू.

मला लोक विचारतात, "मॅडम, घेतलेलं कर्ज बुडवायला शिकवता का?" हा प्रश्न योग्य आहे. मी स्वतः अशा घरात वाढले जिथे किराणा दुकानाच्या वहीतली बाकी पगाराच्या दिवशी आधी फिटायची. घेतलेलं फेडावं असंच मला वाटतं. पण सावकार असो की कंपनी, त्यानं वेळेत मागावं, हीदेखील न्यायाचीच गोष्ट आहे. आठ-दहा वर्षांनी गरीब घरात कोणत्या पावत्या शिल्लक राहतात? भरलेले हप्ते ते सिद्ध कसे करणार? समोर संगणकातून निघालेला उतारा आणि इकडे रिकामे हात. त्यासाठीच तर मुदत आहे. दावा मुदतीबाहेरचा असेल तर प्रतिवादीनं तो मुद्दा घेतला नाही तरी कोर्टानं तो फेटाळावा, असं मुदतीच्या कायद्याचं ३ रं कलम म्हणतं. पण तारखा कोर्टापुढे कोणी मांडल्याच नाहीत तर ते कळणार कसं?

कैफियतीत खरं लिहा. कर्ज घेतलं असेल तर घेतलं म्हणून लिहा. जे मान्य नाही ते मात्र एकेक करून नाकारा, कारण जे नाकारलं नाही ते कबूल समजलं जातं. ३८,००० चे १,१२,००० कसे झाले, दंड किती, चेक परत गेल्याचा आकार किती, 'वसुली खर्च' कशाचा, याचा हिशेब मागा. नुसत्या हिशेबाच्या वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणं बसवता येत नाही, तिला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते.

तुमच्यावर हुकूमनामा झालेला असेल आणि दरखास्तीची, म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या वसुलीची, नोटीस आल्यावरच तुम्हाला ते कळलं असेल, तरी धीर सोडू नका. समन्स नीट मिळालंच नव्हतं असं असेल, तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. तुरुंगाची भीती घालणारे फोनही येतात. देण्याची ऐपत नसलेल्या माणसाला निव्वळ कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली सांगितलेलं आहे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. चेक न वटल्याचा खटला मात्र वेगळा, तो फौजदारी आहे, त्याची नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवसच हातात असतात.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट निराळी. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडून सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. तो निघण्याआधीच हजर राहून म्हणणं द्या, कारण नंतर निम्मी रक्कम भरल्याशिवाय पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो दाखला वरून तपासून घेण्याचा अर्ज, दाखल करून घेत नाहीत.

लोकअदालतीची नोटीस आली तर जावं. देणं खरं असेल आणि मुदतीत असेल तर तिथे व्याज कमी करून घेता येतं, हप्ते बांधून घेता येतात. पण तडजोड करण्याची सक्ती नाही. आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सहीआधी कागद कोणाला तरी वाचून दाखवा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना, कमी उत्पन्नाच्या माणसांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

ताईंचा दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडे आता काही राहिलं नाही ना?" मी सांगितलं, कोर्टातून हे वसूल होणार नाही. तुम्हाला स्वतःहून काही द्यावंसं वाटलं तर द्या, ते तुमच्या मनावर आहे. पण कशावरही सही करण्याआधी माझ्याकडे या. मग आम्ही नक्कल विभागात गेलो आणि निकालाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीसाठी अर्ज दिला. उद्या कोणी तिसरी कंपनी तेच कर्ज घेऊन आली, तर दाखवायला घरात ती असायला हवी. नमस्कार.