कडक बिजली

(किल्ला, पहाट. आधी पाखरं, मग तानपुरा.)

साडेपाच वाजलेत. ग्वाल्हेरचा किल्ला अजून नुसता काळा ठोकळा दिसतोय. खाली लष्कर भागातल्या एका जुन्या गोठीत माडीवरचा दिवा लागलाय. 'गोठ' म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना गुरं आठवतील. इथे हा शब्द मराठी मंडळींच्या वस्त्यांना चिकटलेला आहे. रिक्षावाल्याला 'चिटणीस की गोठ' म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो.

माडीवर तेवीस वर्षांची मुलगी खर्ज लावून बसलीय. षड्जापासून खाली, मंद्र पंचमापर्यंत, एकेका सुरावर एकेक श्वास. समोर बसलेले काका गाणं शिकवून निवृत्त झालेत. तिच्या काळ्या टी-शर्टवर कवटी आहे. ती न बघायचं काकांनी ठरवून टाकलंय.

"खांदे कशाला वर गेले?"

"गेले नाहीत, काका."

"गेले. परत घे."

वीस मिनिटं हेच चालतं. आम्ही सगळं चित्रित केलं, तुम्हाला त्यातलं दीड मिनिट दाखवतोय.

(दाल बाजारातलं गोदाम, संध्याकाळ. ढोल, गिटार, मग तिचा आवाज. सात सेकंद निवेदन नाही.)

हीच ती. मेटल बँडमध्ये गाते. गाते म्हणजे बराच वेळ ग्राउल करते, म्हणजे खोल आवाजात गुरगुरते, अधूनमधून स्क्रीम करते, म्हणजे खरखरीत किंचाळते, आणि एका गाण्यात चार ओळी स्वच्छ सुरात म्हणते. गोदामात गव्हाची पोती आहेत. पोत्यांनी आवाज छान दाबला जातो आणि शेजारी तक्रार करत नाहीत, म्हणून ही जागा.

काकांकडे येण्याआधी दीड वर्ष ती मोबाइलवर बघून बघून एकटीच शिकत होती. एका रात्री स्वरतंतूत रक्त उतरलं, सहा आठवडे बोलणं बंद झालं, नोकरी गेली.

(दवाखान्याचा पडदा. गळ्याच्या आतलं चित्र, पूर्ण चौकटभर.)

आता हे बघा. नाकातून घातलेल्या बारीक नळीच्या टोकाला कॅमेरा आहे. मधोमध त्या दोन पांढुरक्या पट्ट्या दिसतात ना, ते स्वरतंतू. बाईच्या गळ्यात त्यांची लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखापेक्षा फार मोठी नाही. हिचा षड्ज काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तो लावला की या पट्ट्या सेकंदाला दोनशेच्या थोड्या वर वेळा एकमेकींवर आपटतात. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'वर, चारशेच्या वर. नुसत्या डोळ्यांना ते दिसणं शक्य नाही, म्हणून दिवा लुकलुकवत ठेवतात. मग लाटा हळूहळू जाताना दिसतात. पाण्यावर वारा फिरावा तशा.

आता ती याच खुर्चीत बसून ग्राउल करणार आहे. पांढऱ्या पट्ट्यांच्या वर, दोन्ही बाजूंना, गुलाबी मांसल घड्या आहेत. यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या कडेला पडून असतात. आपण गव्हाचं पोतं उचलताना 'हं' करून दम कोंडतो, तेव्हा त्या मिटतात. बघा, आल्या जवळ. थरथरतायत. आवाजातली सगळी खरखर इथून येते आहे, आणि खालच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जोर पडलेला नाही. तिबेटी भिक्षू मंत्र म्हणताना जो खोल, दुहेरी आवाज काढतात त्यातही याच घड्या लागतात. म्हणजे हे काही अमेरिकेत गिटारबरोबर जन्मलेलं नाही.

चुकीचा स्क्रीम आमच्याकडे चित्रित नाही. तो मुद्दाम करून दाखवा असं आम्ही तिला सांगणार नव्हतोच. सांगायचं तर, तिथे खोट्या घड्या बाजूलाच राहतात, खऱ्या पट्ट्या आवळून घासल्या जातात आणि खालून हवेचा लोंढा येतो. रोज असं झालं की गाठी येतात, एखाद्या दिवशी केशवाहिनी फुटते.

(पाऊस. किल्ल्यावर वीज. संथ गतीत.)

वीज आमच्या कॅमेऱ्यात आलीच आहे, तर हस्सू खाँची गोष्ट सांगायला हवी. इथल्या मराठी घरांतून ती अशी सांगतात.

शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ गायचे. त्यांची तान म्हणजे दरबाराचा अभिमान. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ, नत्थन पीरबक्षांचे नातू, पोरसवदा होते. महाराजांनी दोघांना पडद्याआड बसवलं आणि खाँसाहेबांचा रियाज ऐकवला. पोरांनी सगळी गायकी उचलली. पुढे भर दरबारात ती गाऊन दाखवली, तेव्हा खाँसाहेबांना कळलं की घरात चोरी झाली. त्यांनी हसत हसत हस्सूला मियाँ मल्हार रागातली 'कडक बिजली'ची तान घ्यायला सांगितली. पोराने ती घेतली. पुन्हा घे म्हणाले, पुन्हा घेतली. बरगडी सरकली, तोंडातून रक्त आलं. आजोबा पुढे झाले, शेल्याने रक्त पुसलं आणि म्हणाले, मरायचंच असेल तर तान पुरी करून मर.

आख्यायिका आहे. कोण म्हणतं तिथेच गेला, कोण म्हणतं नंतर. काकांना आम्ही विचारलं, यात चूक कुणाची? काका म्हणाले, "पडद्याची."

आम्हाला हे फार पटलं. तान कानाने उचलता येते. ती घेताना छाती काय करते, श्वास कुठून निघतो, हे पडद्याआडून दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावरून तरी कुठे दिसतं?

(तानसेनची समाधी, हजिरा. चिंचेचं झाड. एक पर्यटक पानं खुडतोय.)

हेही याच गावातलं. इथली पानं चावली की गळा गोड होतो, असं लोक मानतात. आमच्या कॅमेरामनने चार चावली. आंबट आहेत म्हणाला. गळ्याच्या औषधांबद्दल एवढंच सांगून पुढे जाऊ की आपण गिळतो ते काहीच स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत जातं. त्यांच्यावर थेंब जरी पडला तरी ठसका लागतो. पाणी रक्तात जाऊन मग तिथवर पोहोचतं, म्हणून ते दिवसभर प्यायचं, स्टेजवर चढताना घटाघटा नाही. घसा बधिर करणारी गोळी चघळून गाणं तर सगळ्यात वाईट, कारण दुखणं कळतच नाही.

(पुन्हा माडी. टेबलावर पाण्याचा पेला, त्यात नळी.)

काका स्क्रीम शिकवत नाहीत. त्यांना तो येत नाही, आवडत तर मुळीच नाही. ते बाकीचं सगळं शिकवतात. पेल्यात दोन बोटं पाणी, त्यात नळी, आणि नळीतून सूर. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. तोंड जवळजवळ बंद असल्यामुळे हवेचा दाब परत मागे येतो आणि स्वरतंतूंना खालून-वरून आधार मिळतो. आपटणं हलकं होतं. ही नळी तिनेच डॉक्टरांकडून आणली. काकांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "हे तर मिटल्या तोंडाने हुंकार भरण्यासारखंच आहे की ग." आता सगळ्या शिष्यांना पेले मिळतात.

मग ओठांची फुरफुर. मग आकार, म्हणजे 'आ'वर गाणं, ग्वाल्हेरचा खुला आकार, जबडा सैल सोडून. या शहरात 1914 साली शंकर गांधर्व महाविद्यालय निघालं, 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय. घरातून पळालेला पोरवयातला भीमसेन जोशी याच गावात शिकायला येऊन राहिला. 1893 मध्ये जन्मलेले ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित ऐंशीच्या घरातही गात होते. आवाज टिकवायचा कसा, हे ग्वाल्हेरला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नव्हती. गरज होती ती माडीचा दरवाजा काळ्या टी-शर्टला उघडायची. तो एकाच घरात उघडला आहे. दुसऱ्या दोन ठिकाणी तिला काय उत्तर मिळालं, ते ती कॅमेऱ्यापुढे सांगायला तयार झाली नाही.

(झोपाळ्यावर मांजर. शेजारी ती.)

काका आत चहा करतायत. आता तिचं स्वतःचं काम. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा 'हाऽ'. नुसती हवा. तीच हवा हळूहळू जाड करत नेते, मघाचं ते पोतं उचलण्याचं 'हं' तिच्यात मिसळते, आणि बघता बघता खरखर धरते. घसा खाजला की थांबते. दुखेपर्यंत वाट बघायची नाही. दुसरा प्रकार फ्रायचा. झोपेतून उठल्यावर पहिला हुंकार जसा करकरत निघतो, गंजलेलं दार उघडावं तसा, तिथून सुरुवात. हवा कमीत कमी. तीन-चार मिनिटं, मग थोडं साधं गाणं, मग पुन्हा तीन-चार मिनिटं.

मांजराकडे लक्ष द्या. उठलेलं नाही. खरा सधा हुआ स्क्रीम खोलीत ऐकला तर फार मोठा नसतोच. मोठा करतो तो माइक. दीड वर्ष ती जे छातीच्या जोरावर करत होती, ते साउंडवाल्याच्या एका बटणाचं काम होतं. हे सांगताना ती इतकी हसली की आम्हाला तो भाग दोनदा घ्यावा लागला.

काका चहा घेऊन आले. कपबशा खाली ठेवेपर्यंत त्यांनी तिचा आवाज ऐकला, मान हलवली नाही, तोंडही वाकडं केलं नाही.

"शेवटी श्वास कमी पडला," म्हणाले.

(रात्र. मंचामागची जागा. ढोलाची जुळवाजुळव.)

कार्यक्रमाआधीची पंधरा मिनिटं. ती कोपऱ्यात नळी घेऊन बुडबुडे काढतेय. बँडमधली मुलं आधी चिडवायची, आता गिटारवाला स्वतःची नळी आणतो. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज ऐकू आल्याशिवाय ती मंचावर पाय ठेवत नाही. ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो. साउंडवाल्याशी त्यावरून वाद होतो, तो तुम्ही बघताच आहात.

कार्यक्रम झाला. नंतर सगळे बाहेर कचोरी खात गप्पा मारत उभे, आणि ती मोबाइलवर लिहून लिहून उत्तरं देतेय. कुजबुजतसुद्धा नाही, कारण कुजबुजल्याने गळ्याला विश्रांती मिळत नाही.

(पहाट. माडीचा जिना, पावलांचा आवाज.)

साडेपाच. तिने तानपुरा लावायला घेतला.

"काल झोपलीस किती वाजता?"

"एक."

"मग आज पंचमापर्यंत नको. धैवतावर थांब."

(खर्ज. चित्र हळूहळू काळं.)