वर जाण्याआधी पाच मिनिटं

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवतो. दर गुरुवारी दुपारी मी आणि माझा तबलजी एका कॅन्सर रुग्णालयात जातो आणि पुरुषांच्या वॉर्डात तासभर अभंग, गौळणी, जुनी नाट्यपदं म्हणतो. कधी वृद्धाश्रमात जातो, कधी मुलांच्या निरीक्षणगृहात. गाण्याने रुग्णांना बरं वाटतं, हे सगळेच सांगतात. वाटतंच. मला आज बोलायचंय ते पेटीच्या अलीकडे बसलेल्या माणसाबद्दल.

सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दुखणं घशाचं, त्यामुळे बोलणं बंद. पण खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी केरवा असा नेमका धरायचे, की तबलजी त्यांच्याकडे बघूनच वाजवायचा. एकदा त्यांनी पाटीवर लिहून एकनाथांची एक गौळण मागितली. मला येत नव्हती. म्हटलं, "आजोबा, पुढच्या गुरुवारी नक्की." आठवडाभर बसवली. गेलो तर सात नंबरवर नवी चादर आणि एक कोवळा मुलगा. सिस्टर म्हणाल्या, "ते रविवारीच गेले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

कोण सांगणार? आम्ही ना नातेवाईक, ना कर्मचारी. वॉर्ड वाट बघत होता, म्हणून सुरुवात केली. दुसऱ्या अभंगात भात्यावरचा माझा हात थांबला. तबलजी काही बोलला नाही. मी परत सूर धरेपर्यंत ठेका तेवढा चालू ठेवला. परतताना बसमध्ये पेटी मांडीवर. घरी बायकोने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान."

असं "छान" म्हणून गप्प बसणारे थोरामोठ्यांतही होते. जर्मनीतली बर्गेन-बेल्सन छळछावणी ब्रिटिश सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये मुक्त केली. जुलैमध्ये तिथल्या वाचलेल्या लोकांसमोर व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन वाजवायला गेले, पियानोवर संगीतकार बेंजामिन ब्रिटन. ब्रिटन त्यानंतर बरीच वर्षं त्या दिवसांबद्दल जवळजवळ बोललेच नाहीत. आयुष्याच्या अखेरीस आपल्या जिवलगाला एवढंच सांगितलं, की पुढे जे जे लिहिलं त्या सगळ्यावर त्या अनुभवाची छाया आहे. तीस वर्षं माणूस ते पोटात घेऊन हिंडला!

मेन्युहिन यांनी तर युद्धकाळात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले होते. पुढे शरीर कुरकुरायला लागलं, धनुकलीवरचा हातही हवा तसा चालेना. १९५२ मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा आपल्या पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार त्यांना भेटायला गेले. मेन्युहिन इतके दमलेले, की म्हणाले, पाचच मिनिटं देतो. अय्यंगारांनी त्यांना आडवं केलं, शवासनात. आणि पाहुण्यांना चक्क झोप लागली. पुढे मेन्युहिन यांनी अय्यंगारांना एक घड्याळ दिलं, त्यावर कोरलं होतं: माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास. व्हायोलिन न वाजवणाऱ्या माणसाला! मला ही गोष्ट फार आवडते. याच मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये इंग्लंडात 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही संस्था उभी केली. ती तरुण कलाकारांना रुग्णालयं, वृद्धाश्रम अशा ठिकाणी वाजवायला पाठवते, पण आधी शिकवून आणि रीतसर मानधन देऊन.

आमच्याकडे शाल-श्रीफळ मिळतं. माझ्या कपाटात आठ शाली आहेत. रिक्षावाला शाल घेत नाही. "सेवा आहे हो ही" असं म्हटलं, की मानधनाचा विषय काढणारा कोता ठरतो आणि "आज मला जमणार नाही" म्हणणारा त्याहून कोता. मी स्वतः दोन वर्षं एकही गुरुवार चुकवला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. वेडेपणा होता तो.

आता आम्ही महिन्यातून एक गुरुवार सोडतो, त्या दिवशी दुसरी जोडी जाते. एकट्याने कुणी जायचं नाही. त्या दिवशी तबलजी नसता तर माझं काय झालं असतं, कुणास ठाऊक. कार्यक्रम संपल्यावर लगेच बस पकडायची नाही. कँटीनमध्ये अर्धा तास चहा, आणि त्यात जे डाचलं ते बोलायचं. कधी काहीच निघत नाही, मग क्रिकेटवर बोलतो. हा अर्धा तास कामातच धरायचा, मानधन त्यासकट ठरवायचं. जे आयोजक आम्हाला बोलावतात, त्यांना मी हे आधीच सांगतो. काहींचा फोन परत येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मागणं सिस्टरांकडे होतं, त्याला तर दमडीही लागत नाही. परवाच्या गुरुवारी त्या जिन्याशीच उभ्या होत्या, हातात यादी. "तीन नंबर काल गेले. नऊ नंबर घरी गेले, बरे होऊन. अकरा नंबरला आत्ताच डोळा लागलाय, तिकडे जरा हळू." आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. तीन नंबर भूपाळी म्हणायचे. तबलजी म्हणाला, "आवाज गोड होता." मी म्हटलं, "हो, पण वरच्या सुरात घसरायचे." दोघंही हसलो. पाच मिनिटं झाली, पेटी उचलली आणि वर गेलो.