चिपवरचा प्रकाश: काय जमतं आणि कुठे अडतं

प्रकाशावर चालणारा संगणक येतोय, इलेक्ट्रॉनची सद्दी संपली, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मला विचाराल तर त्या अर्ध्याच खऱ्या आहेत. माहिती वाहून न्यायला आणि बेरजा करायला प्रकाश फार चांगला. निर्णय घेणं, लक्षात ठेवणं ही मात्र त्याची कामं नव्हेत. या क्षेत्रात जे काही टिकाऊ घडलं, ते ही मर्यादा मान्य करून घडलं.

सुरुवात सिलिकॉनपासून करू. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सिलिकॉन शोषून घेतं; छतावरची सोलर पॅनेलं त्याच जोरावर चालतात. पण साधारण 1100 नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्त पट्ट्यात गेलं की तेच सिलिकॉन पारदर्शक होतं. ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश 1310 किंवा 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे नेमका सोयीचा. शिवाय सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याचं माप) सुमारे 3.5, आणि भोवतालच्या सिलिकाचा, म्हणजे काचेसारख्या थराचा, 1.44. या मोठ्या तफावतीमुळे अर्ध्या मायक्रॉन रुंदीच्या वाटेतही प्रकाश कोंडून राहतो, तीव्र वळणावरही फारसा बाहेर सांडत नाही. संशोधक रिचर्ड सोरेफ यांनी 1980च्या दशकात हा विषय लावून धरला. 1987 मध्ये त्यांनी आणि ब्रायन बेनेट यांनी सिलिकॉनमधले विद्युतभार कमीजास्त केल्यावर अपवर्तनांक किती बदलतो, याचा हिशेब मांडला. विजेनं प्रकाशाला वळवायची किल्ली तिथे हाती लागली.

मोठी अडचण वेगळीच होती. सिलिकॉन स्वतः प्रकाश देत नाही म्हटलं तरी चालेल. इलेक्ट्रॉन खाली उतरतो तेव्हा त्याची ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. 2005 मध्ये इंटेलनं सिलिकॉनचा सलग चालणारा लेझर करून दाखवला, तो रामन परिणामावर, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलते त्यावर. होय, आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचा 1928चा शोध. पण तो लेझर चालवायला बाहेरून दुसरा लेझर लागायचा, मग उपयोग काय? पुढच्याच वर्षी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन बॉवर्स यांच्या गटानं इंटेलबरोबर सरळ इंडियम फॉस्फाइड या प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाचा थर सिलिकॉनवर चिकटवला. प्रकाश त्या थरात तयार होतो, फिरतो सिलिकॉनमध्ये आणि पकडायला जर्मेनियम. नाव सिलिकॉनचं, पण संसार तिघांचा.

आता गणिताकडे येऊ. किरण दोन फाट्यांत विभागायचा, एका फाट्यातल्या लहरीची कला (तिच्या चढउतारांची वेळ) थोडी बदलायची, पुन्हा दोन्ही एकत्र आणायचे. लहरी एकमेकींत मिसळून वाढतात किंवा विरतात; या व्यतिकरणामुळे कुठल्या दारातून किती प्रकाश बाहेर पडेल हे आपल्या हातात येतं. ही माख-झेंडर रचना. अशा रचनांची जाळी केली की प्रकाश पार होता होताच मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या तक्त्याचा) गुणाकार होतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं बहुतेक ओझं याच गुणाकारांचं आहे. 2017 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी अशा 56 रचनांची चिप वापरून बोललेले स्वर ओळखले. अचूकता 76.7 टक्के, नेहमीच्या संगणकाची 91.7. हा आकडा बातम्यांत सहसा येत नाही, शोधनिबंधात मात्र स्वच्छ छापलेला आहे. अशी ओळख पटवणाऱ्या न्यूरल नेटवर्कला गुणाकारांच्या मध्ये एक अरेषीय पायरीही लागते, म्हणजे आलेला आकडा पुढे किती जाऊ द्यायचा हे ठरवणारी. दोन किरण एकमेकांतून आरपार जातात, एकाला दुसऱ्याची खबरही नसते, त्यामुळे ती पायरी तिथे संगणकावरच केलेली होती. त्यात आकडे विजेतून प्रकाशात आणि परत विजेत नेण्यात ऊर्जा जाते. चिपवर ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश निवडणारी गोल वाट, म्हणजे कडी, एका अंशानं तापली तरी तिची तरंगलांबी सरकते, म्हणून शेजारी बारीक हीटर बसवावे लागतात. वीज वाचवायला निघालेली चिप ती हीटरला पुरवते!

वाहतुकीत मात्र प्रकाशाला तोड नाही. वेग वाढला की तांब्याची तार मीटर-दोन मीटरमध्ये दम टाकते. म्हणूनच मार्च 2025 मध्ये एनव्हिडियानं फोटॉनिक्स (प्रकाश हाताळणारे भाग) थेट नेटवर्क स्विचच्या चिपला खेटून बसवणारी उपकरणं जाहीर केली.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम व्हिएन्नातलं आहे, 2020चं. तिथल्या तंत्रविद्यापीठात थॉमस म्युलर यांच्या गटानं टंगस्टन डायसेलेनाइडच्या काही अणूंएवढ्या जाडीच्या थरातून 27 फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडला की वीज देणारे घटक, बनवले. प्रत्येकाची संवेदनशीलता व्होल्टेज देऊन कमीजास्त करता येते, उलटीसुद्धा करता येते. म्हणजे प्रशिक्षणातून मिळालेले भारांक (कुठल्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते) सेन्सरमध्येच बसले. चित्र पडलं की डायोडांचे प्रवाह तारेवर आपोआप मिसळतात आणि बाहेर येतं ते उत्तरच. आधी फोटो, मग तो प्रोसेसरकडे, हा फेराच नाही. एन, व्ही, झेड ही तीन अक्षरं त्यानं सुमारे 50 नॅनोसेकंदांत वेगळी केली. प्रकाशानं फक्त आत यायचं. गुणाकार डायोडनं करायचा, बेरीज विजेच्या प्रवाहानं. कामाची इतकी सरळ वाटणी मी दुसरीकडे पाहिली नाही. फक्त ते चित्र 9 पिक्सेलचं होतं (प्रत्येकामागे तीन डायोड), आणि तुमच्या खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी असतात. तेवढ्या डायोडांना वेगवेगळं व्होल्टेज पोचवायचं आणि इतका पातळ थर मोठ्या वेफरवर (चिपा बनवायच्या चकतीवर) एकसारखा वाढवायचा, हे काम अजून बाकी आहे.