दोर्दोन्य आणि तिच्या उपनद्या

श्रोते हो, नमस्कार.

फ्रान्समधली नदी म्हटलं की बहुतेकांना पॅरिसची सेन आठवते. आज मी बोलणार आहे ती मात्र खेड्यापाड्यांची नदी. तिचं नाव दोर्दोन्य. नैर्ऋत्य फ्रान्समधून ती सुमारे 480 किलोमीटर वाहते. नकाशात तिच्या दोन्ही बाजूंना बारीक निळ्या रेघा दिसतात, त्या तिच्या उपनद्या. त्यांची ओळख झाल्याशिवाय दोर्दोन्य कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुई द सान्सी या 1885 मीटर उंचीच्या, कधीच थंडावलेल्या ज्वालामुखी डोंगरावर तिचा उगम आहे. तिथून ती खोल घळींत उतरते. पूर्वी आर्जांता गावाच्या परिसरातले नावाडी पाणी चढायची वाट बघत. पाणी चढलं की ओकच्या फळ्या आणि चेस्टनटचे खांब भरून होड्या सोडायच्या. फळ्या दारूच्या पिंपांसाठी, खांब द्राक्षवेलींच्या आधारासाठी. खाली माल उतरला की होडीही मोडून लाकडाच्या भावाने विकायची आणि घरी चालत यायचं. आज त्या घळींत एकाखाली एक अशी पाच मोठी धरणं आहेत. सर्वांत वरचं बोर-ले-ऑर्ग, 1952 सालचं. त्याच्या जलाशयाकाठी व्हालचा जुना किल्ला आहे. एकेकाळी तो उंच कड्यावर होता, आता पाणी त्याच्या पायथ्याला लागलंय.

लिमय गावापाशी उजवीकडून वेझेर येऊन मिळते. ती येते मिलवाशच्या पठारावरच्या दलदलीतून, आणि ब्रीव शहराच्या खालच्या अंगाला कोरेझ नदीला पोटात घेते. पुढे तिने चुनखडीचे कडे कोरलेत. या खडकाचे मऊ थर थंडीत गोठून, भुगा होऊन गळून पडतात. वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो. तयार आडोसा, समोर पाणी, दक्षिणेकडे तोंड असेल तर ऊनही. हिमयुगातल्या शिकाऱ्यांना आणखी काय हवं होतं? ले-झेझी इथे 1868 मध्ये क्रो-मॅन्यो माणसाचे, म्हणजे हिमयुगातल्या आपल्यासारख्याच माणसाचे, सांगाडे सापडले ते अशाच एका आडोशात. मोंतिन्याक गावाजवळच्या टेकडीत लास्कोची चित्रगुहा 1940 मध्ये चार मुलांना सापडली. वेझेर खोऱ्यातली अशी ठिकाणं 1979 पासून जागतिक वारसा आहेत. मुख्य नदीच्या वाट्याला एवढं भाग्य आलेलं नाही.

लिबुर्नला ईल नदी मिळते. इथे समुद्राची भरती रोज जाणवते. उन्हाळा सरताना नदीचं पाणी कमी असतं. त्यात मोठी भरती आली, की एक लाट प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत जाते. तिला तिथे मास्कारे म्हणतात. सें-पार्दों या छोट्या गावी तिच्यावर स्वार व्हायला फळ्या घेऊन माणसं जमतात. पुढे बेक दांबेसला दोर्दोन्य आणि गारोन या नद्या एकत्र येतात आणि तिथून जिरोंदची खाडी सुरू होते.

सॅल्मन मासा याच वाटेने उलटा वर येतो. तुइलिएरच्या बंधाऱ्यावर त्याच्यासाठी चक्क लिफ्ट आहे: मासे हौदात शिरतात आणि पाण्यासकट वर उचलले जातात. पण आर्जांताच्या धरणाशी त्याची वाट संपते. त्याला अंडी घालायला वाहतं पाणी आणि स्वच्छ गोटे लागतात. विजेची मागणी वाढली की धरणातून पाणी सुटतं, मागणी घटली की पातळी झपाट्याने उतरते आणि काठच्या गोट्यांतली अंडी, पिल्लं कोरडी पडतात. 2012 मध्ये हे अख्खं खोरं युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र झालं, तरी वीज आणि मासा यांचा हा हिशेब रोज नव्याने घालावा लागतो. म्हणूनच धरणाखाली येऊन मिळणाऱ्या मारोन आणि सेर या उपनद्यांचे शेवटचे काही किलोमीटर मला फार मोलाचे वाटतात. तिथे पाणी किती सोडायचं आणि किती सावकाश उतरवायचं, यावर सॅल्मनची पुढची पिढी ठरते.