माळ्यावरचे पेले

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'खाण्यापिण्यातले प्लास्टिकचे सूक्ष्मकण आणि आरोग्य'. तिकडं येतेच. पण आधी एका पिशवीबद्दल बोलू द्या. तिच्यामुळंच मी या विषयाला हात घातला.

काही वर्षांपूर्वी आमचे बाबा बेळगावातल्या एका दवाखान्यात सतरा दिवस होते. सकाळ-संध्याकाळ खालच्या टपरीवरून चहा आणायचं काम माझ्याकडं. तुम्हीही कधी ना कधी तो चहा आणला असेल. उकळता चहा, पातळ पारदर्शक पिशवी, तोंडाला रबर आणि सोबत दोन कागदी कप. जिना चढेपर्यंत ती पिशवी हातातल्या हातात बदलते. टपरीवर ताठ असते, पहिल्या मजल्यावर मऊ पडते, दुसऱ्यावर पार लोंबायला लागते. खालचा कोपरा फुगतो, आतून वाफेचे थेंब धरतात.

बाबा जन्मभर बशीत ओतून चहा प्यायलेले. पहिल्याच दिवशी एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पोरी, याला पिशवीचा वास येतोय गं." मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. तरी म्हटलं, "तापानं तोंडाची चव गेलीय बाबा, प्या." आणि ते प्याले. सतरा दिवसांत चौतीस पिशव्या. हा हिशेब मी नंतर मांडला, तो अजून टोचतो.

टपरीवाल्याला एकदा विचारलं, काचेचे ग्लास का देत नाहीस? तो म्हणाला, "अक्का, ग्लास वर गेले की परत येत न्हाईत. आणि धुवायला पाणी कुठनं आणू?" त्याचं खोटं नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात नळाची वाट बघत घागरी मांडून बसणारी माणसं आपण, त्याला काय सांगणार? कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पण बंदीच्या कागदानं कप विसळले जात नाहीत. आणि चहाच कशाला, गरम सांबार पिशवीत, गरम कुंदा प्लास्टिकच्या डब्यात, लग्नात वाफाळता भात थर्माकोलच्या ताटात. पूर्वी टपरीवरचा पोरगा किटली आणि तारेच्या जाळीत सहा ग्लास घेऊन यायचा, पिऊन होईपर्यंत दारात उभा राहायचा आणि ग्लास घेऊन जायचा. ती किटली कुठं गेली हो?

आता माझं लाडकं म्हणणं. आपल्या बेळगाव-खानापूर भागात देवळाकडं नाहीतर मंडळाकडं गावकीची भांडी असतात. लग्नाला, बारशाला, जत्रेला सगळ्यांना मिळणारी. गेल्या महिन्यात मी तुमच्याच देवळाच्या माळ्यावर चढले. पुजारीकाकांनी खालून शिडी धरली होती. वर पोत्यात बांधलेले स्टीलचे पेले, त्यावर बोटभर धूळ. एक पेला पदरानं पुसला. काठाखाली ठोक्याठोक्यांनी कोरलेलं, कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ, १९८७. मोजले, तीनशे बारा भरले. एकाला पोचा नाही. एका बाईच्या नावानं दिलेले पेले माळ्यावर, आणि खाली जत्रेत कागदी कपांचा ढीग. मला तिथंच बसून राहावंसं वाटलं.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. बरं, भरभर सांगते.

प्लास्टिक कुजत नाही, उन्हानं, उष्णतेनं, घासण्यानं त्याचे तुकड्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तो मायक्रोप्लास्टिक. २००४ साली इंग्लंडातल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या निबंधामुळं हा शब्द रूढ झाला. कागदी कप नुसता कागदाचा नसतो, चहा झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीनं अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० कण उतरले. बाबांच्या वाट्याला पिशवीही आली आणि कपही. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २,४०,००० कण सापडले, त्यातले बहुतेक नॅनो, म्हणजे फारच बारीक.

मोठे कण शौचावाटे निघून जातात. भीती बारक्यांची, ते आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकतात. माणसाच्या रक्तात ते सापडलेत, बाळंतिणीच्या वारेतही. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन निघालं, माझ्या त्या पिशवीच्याच जातीचं. ज्यांच्यात प्लास्टिक होतं त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचारपट दिसला. हे प्लास्टिकनंच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीही लिहिलंय. पण सिद्ध होईपर्यंत उकळता चहा पिशवीत ओतत राहायचं का?

लेकुरवाळ्या पोरींनो, तुमच्यासाठी एक. पावडरचं दूध प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी ओतून हलवू नका. डब्लिनच्या संशोधकांना अशा बाटल्यांतून लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण सुटताना दिसले. दूध स्टीलच्या भांड्यात कालवा, निवू द्या, मगच बाटलीत भरा. आणि बोअरचं पाणी उकळल्यावर तळाशी पांढरा थर धरतो ना? चीनमधल्या प्रयोगात दिसलं की जड पाणी उकळलं की तोच क्षार प्लास्टिकच्या कणांना धरून ठेवतो, बरेचसे कण त्यात अडकतात. पाणी निवलं की वरचं अलगद गाळून घ्या, तळातलं टाका.

वेळ संपला. समोर बसलेल्या वहिनींच्या मुलीचं लग्न याच महिन्यात आहे. वहिनी, मघाशी तुम्ही तीनशे पाहुणे म्हणालात. पेले तीनशे बारा आहेत, माळ्याची किल्ली पुजारीकाकांकडं आहे. धुवायला मी येते.